संबंध नव्हता की संबंध तुटला? ‘अनकनेक्टेड’ कुठे वापरायचा, कुठे नाही

माझं काम अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि कंपन्यांना जाणारी पत्रं मराठीतून इंग्रजीत करून देण्याचं. टेबल लातुरात, तहसीलपासून हाकेच्या अंतरावर. लोक बऱ्याचदा स्वतःच इंग्रजी करून आणतात आणि ‘एकदा नजर घाला’ म्हणतात. त्या कागदांत एक चूक इतक्या नेमानं येते, की वाचायच्या आधीच डोळा तिथं जातो. मराठीत ‘संबंध नाही’ आलं की इंग्रजीत ठोकून ‘डिसकनेक्टेड’. फोन कट झाला तरी तेच, दोन भांडणांचा एकमेकांशी संबंध नसला तरी तेच, साक्षीदार नात्यातला नसला तरी तेच.

ही चूक मीही केलेली आहे. औसा तालुक्यातल्या एका काकांचा कृषिपंपाचा अर्ज होता. कोटेशन भरून वर्ष उलटलेलं, खांब बांधावर येऊन पडलेले, जोडणी मात्र नाही. घाईत मी लिहिलं, ‘माय पंप इज डिसकनेक्टेड.’ दोन महिन्यांनी उत्तर आलं: जुना ग्राहक क्रमांक आणि वीज तोडल्याची तारीख कळवावी. काका ते पत्र घेऊन आले आणि म्हणाले, “ओ सर, जोडलीच नाई तर तोडली कव्हा?”

पुढचे सगळे टप्पे काकांच्या त्या प्रश्नातून निघालेत. क्रम मात्र मोडू नका. मंडळी चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करतात, म्हणजे आधी ‘विथ लावू का टू लावू’ विचारतात, आणि शब्दच चुकीचा निवडलेला असतो.

तयारी

कोरा कागद घ्या आणि जे सांगायचं आहे ते एका मराठी वाक्यात लिहा. मनातल्या मनात नको, कागदावरच. ‘संबंध नाही’ हे दोन शब्द मराठीत फार कामं करतात. वायर, नातं, कारण, विषय, मन, सगळ्याला ते चालतात. इंग्रजीत प्रत्येकाला वेगळा शब्द आहे.

दुसरी गोष्ट, शब्दकोश. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचे शिकणाऱ्यांसाठी केलेले शब्दकोश नेटवर फुकट आहेत. त्यात शब्दाचा अर्थ बघून थांबू नका, खाली दिलेलं उदाहरणाचं वाक्यही वाचा. शब्दामागे कोणतं शेपूट लागतं, म्हणजे ‘विथ’, ‘टू’ की ‘फ्रॉम’, ते तिथंच दिसतं. फोनमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपला ‘असंबद्ध’ टाकाल तर ते एक शब्द उचलून देईल, आणि तो तुमच्या वाक्याला बसतो की नाही याची त्याला पर्वा नसते.

टप्पा १: जोडी शोधा

कोणाचा कोणाशी संबंध नाही? दोन्ही बाजू अधोरेखित करा. ‘सदर प्रकरणाशी काही संबंध नाही’ या वाक्यात एकच बाजू दिसते, दुसरी वाक्याबाहेर राहिली आहे. माझा संबंध नाही, की माझ्या जमिनीचा, की माझ्या भावाचा? इंग्रजी वाक्याला कर्ता लागतोच, म्हणून लोक तिथं ‘इट’ घालतात, आणि ‘इट’ म्हणजे काय हे वाचणाऱ्यानं ओळखायचं!

तपासणी: अधोरेखित दोन शब्द मिळाले का? एकच मिळाला तर पुढं जाऊ नका, मराठी वाक्य पुन्हा लिहा.

टप्पा २: आधी जोडणी होती का?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

कधीच जोडणी नव्हती, तर ‘अनकनेक्टेड’. होती आणि तुटली किंवा तोडली, तर ‘डिसकनेक्टेड’. ‘अन’ म्हणजे नसणं, ‘डिस’ म्हणजे असलेलं सुटणं, एवढंच धरून ठेवा.

रेल्वेचं उदाहरण घ्या. बीड शहरातून अहिल्यानगरला प्रवासी गाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. त्याआधी बीड शहराला रेल्वे नव्हतीच. तेव्हाच्या स्थितीला ‘डिसकनेक्टेड’ म्हणणं साफ चूक, कारण तोडायला रूळच नव्हते. ‘अनकनेक्टेड बाय रेल’ चालतं, आणि त्याहून सरळ म्हणजे ‘बीड हॅड नो रेल लिंक.’ आता लातूर घ्या. लातूर ते कुर्डुवाडी नॅरोगेज धावत होती. ब्रॉडगेज करण्यासाठी ती बंद केली आणि नवा मार्ग होईपर्यंत गाडी थांबली. तेवढ्या काळापुरतं लातूर कुर्डुवाडीपासून ‘डिसकनेक्टेड’ होतं. आधी होतं, मग सुटलं.

विजेत हा फरक थेट पैशांवर येतो. वीज कार्यालयात ‘पीडी झालंय’ म्हणतात ते परमनंट डिसकनेक्शन, आणि ‘टीडी’ म्हणजे तात्पुरतं. दोन्हींत ‘डिस’ आहे, म्हणजे आधी मीटर होतं, ग्राहक क्रमांक होता आणि बहुतेक वेळा थकबाकीही होती. बिल थकलं म्हणून वीज तोडायची तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून ‘डिसकनेक्टेड’ वाचलं की समोरचा माणूस नोटीस, तारीख आणि बाकी शोधायला लागतो. कोटेशन भरलं पण जोडणी आली नाही, याला त्याच कार्यालयात ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. तिथं ‘डिस’ लिहिलंत की तुमची फाइल दुसऱ्याच कपाटात जाते. काकांची गेली होती.

आणि पेड पेंडिंगला ‘अनकनेक्टेड’ तरी लिहायचं का? व्याकरणानं चुकत नाही, पण त्यात नुसती स्थिती कळते, तुम्ही वाट बघताय हे कळत नाही. जोडणी यायची आहे असं सांगायचं असेल तर ‘हॅज नॉट येट बीन कनेक्टेड’ लिहा. त्यातल्या ‘येट’मध्ये सगळी तक्रार येते.

सावधान: वायरमनला इंग्रजीत किंवा चिठ्ठीत सूचना देताना हा फरक जिवावरचा आहे. ‘अनकनेक्टेड वायर’ म्हणजे अजून कुठंच न लावलेली. ‘डिसकनेक्टेड वायर’ म्हणजे लावलेली होती, काढली आहे. दुसरं टोक अजून कशाला लागलेलं असू शकतं.

या नियमाला दोन अपवाद आहेत, ते लपवत नाही. गणितात, ग्राफ थिअरीत, दोन बिंदूंमध्ये वाटच नसेल तर त्या आकृतीला ‘डिसकनेक्टेड ग्राफ’ म्हणतात, मग तिथं कधी रेघ असो वा नसो. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तिथं आपला ‘अन’ घुसवू नये. दुसरा अपवाद बोलण्या-लिहिण्याचा. विस्कळीत विचारांना ‘डिसकनेक्टेड थॉट्स’ म्हणतात, ते आधी जुळलेले होते की नाही हे कोणी विचारत नाही.

टप्पा ३: संबंध कसला आहे?

आता मराठी वाक्यातल्या ‘संबंध’ शब्दावर बोट ठेवा आणि विचारा: तार, कारण, नातं, की मुद्दा?

कारणाचा संबंध. एकाच रात्री दोन गल्ल्यांत चोरी झाली, पण चोर वेगळे. ‘द टू थेफ्ट्स वेअर अनकनेक्टेड.’ हे ‘अनकनेक्टेड’चं हक्काचं घर. इथं ‘अनरिलेटेड’ही तितकंच बरोबर, त्यावर वाद घालू नका. ‘डिसकनेक्टेड’ मात्र इथं नको.

नात्याचा संबंध. आपल्याकडं गावात पाच शिंदे पाच घरचे असतात. प्रतिज्ञापत्रात ‘साक्षीदार व मी नातेवाईक नाही’ असं लिहायचं तर ‘अनरिलेटेड’ किंवा ‘नॉट रिलेटेड’. माणसं ‘अनकनेक्टेड’ म्हटली की अर्थ ओळख, व्यवहार, धंद्याचे लागेबांधे यांच्याकडं सरकतो. ‘वेल-कनेक्टेड’ माणूस म्हणजे वरपर्यंत ओळखी असलेला, हे तुम्ही ऐकलं असेलच. आणखी एक गोम आहे. भावकी आणि सोयरे हे आपल्याला दोन वेगळे गट वाटतात, पण इंग्रजीत दोन्ही ‘रिलेटेड’च, एक ‘बाय ब्लड’ आणि दुसरे ‘बाय मॅरेज’. मेव्हण्याला साक्षीदार करून ‘अनरिलेटेड’ लिहिणारे मी बघितलेत. “भावकीतला नाही ना तो,” असं त्यांचं म्हणणं. नाही, पण सोयरा आहे, आणि कागद खोटा ठरतो.

मुद्द्याचा संबंध. प्रश्न एक विचारला, उत्तर भलतंच आलं. ते उत्तर ‘इररेलेव्हंट’. या शब्दात थोडी फटकार आहे, ‘याचा इथं उपयोग नाही’ अशी. साहेबांच्या पत्राला उत्तर देताना त्यांच्या मुद्द्याला ‘इररेलेव्हंट’ म्हणू नका. ‘अनकनेक्टेड विथ माय रिक्वेस्ट’ म्हटलं तर तेवढं लागत नाही. स्पेलिंगही सांभाळा, यात दोन आर आहेत, आणि ‘एल’ ‘व्ही’च्या आधी येतो. ‘इरेव्हलंट’ असा शब्दच नाही, तरी महिन्यातून दोनदा माझ्या टेबलावर येतो.

बोलण्यातला संबंध. मराठीत ‘असंबद्ध’ म्हटलं की भागतं, इंग्रजीत दोन पायऱ्या आहेत. एकेक वाक्य कळतं पण एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, ते ‘डिसकनेक्टेड’ किंवा ‘डिसजॉइंटेड’. काय म्हणतायत तेच कळेना, ते ‘इनकोहिरंट’. तापात आजोबा काहीबाही बोलायलेत, हे डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचं झालं तर यातलं नेमकं काय चाललंय ते ठरवूनच शब्द वापरा. दोन्हींवरून डॉक्टर वेगवेगळे प्रश्न विचारतात.

मनाचा संबंध. पुण्यात नोकरीला गेलेला पोरगा म्हणतो, गावापासून तुटल्यासारखं वाटतंय. ‘आय फील डिसकनेक्टेड फ्रॉम माय व्हिलेज.’ इथं ‘डिस’च, कारण आधी नाळ होती. ‘डिटॅच्ड’ म्हटलं तर अर्थ बदलतो. त्यात अलिप्तपणा येतो, वाईट वाटणं येत नाही.

आता दोन ठिकाणं, जिथं या घरातला एकही शब्द चालत नाही.

पहिलं ‘गावाचा संपर्क तुटला’. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यातल्या बातम्यांत हे वाक्य रोज होतं. ते इंग्रजीत ‘द व्हिलेज वॉज कट ऑफ.’ पूल पाण्याखाली गेल्यानं रस्ता बंद होतो, ते ‘कट ऑफ’. ‘द व्हिलेज वॉज डिसकनेक्टेड’ असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल लाइट गेली किंवा नेट गेलं. मदतीच्या अर्जात हा घोळ महागात पडतो.

दुसरं ‘तुरळक’. हवामान खात्याच्या अंदाजात ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी पाऊस’ असतं, त्याचं इंग्रजी ‘अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’. तो ठरलेला शब्द आहे: विभागातल्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस. त्याच्या वरची पायरी ‘स्कॅटर्ड’, म्हणजे काही ठिकाणी. ‘आयसोलेटेड’ला ‘अनकनेक्टेड’ करून भाषांतर सुधारल्याचं समाधान एका विद्यार्थ्यानं मिळवलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

फोनचंही इथंच उरकतो. बोलता बोलता लाइन गेली, ‘द कॉल गॉट डिसकनेक्टेड’ किंवा ‘वी गॉट कट ऑफ.’ समोरच्यानं रागानं ठेवला, ‘ही हंग अप.’ आणि ‘कव्हाचा लावायलोय, लागेना’, हे ‘आय कुडन्ट गेट थ्रू.’ शेवटच्यात फोन जोडलाच गेला नाही, मग ‘डिस’ कुठून येणार?

तपासणी: निवडलेल्या शब्दाशेजारी कागदावर एक शब्द लिहा: तार, कारण, नातं, मुद्दा, बोलणं किंवा मन. लिहिता आला नाही तर शब्द अंदाजानं निवडलाय.

टप्पा ४: शेपूट लावा

मराठी प्रत्ययाकडं बघा, बरंचसं काम तोच करतो. मराठीत ‘शी’ आहे, जसं ‘घटनेशी संबंध नाही’, तर ‘अनकनेक्टेड विथ’ किंवा ‘अनकनेक्टेड टू’, दोन्ही बरोबर. मराठीत ‘पासून’ आहे, जसं ‘वास्तवापासून तुटलेला’, तर ‘डिसकनेक्टेड फ्रॉम’.

सावधान: ‘शी’ म्हणजे ‘विथ’ हे गणित ‘अनरिलेटेड’ आणि ‘इररेलेव्हंट’ला लागू नाही. दोघांनाही फक्त ‘टू’. आणि ‘डिसकनेक्टेड विथ’ हे मी बघितलेल्या चुकांमध्ये पहिल्या नंबरावर.

टप्पा ५: वाक्यात जागा द्या

शेपूट नसेल तर शब्द नामाच्या आधी बसतो: ‘टू अनकनेक्टेड इन्सिडंट्स’. शेपूट असेल तर सगळा डबा नामाच्या मागं जातो. मराठीत आपण ‘खटल्याशी संबंध नसलेली बाब’ म्हणतो, बाब शेवटी. तोच क्रम उचलून ‘अ‍ॅन अनकनेक्टेड विथ द केस मॅटर’ लिहिलं की वाक्य कोलमडतं. बरोबर असं: ‘अ मॅटर अनकनेक्टेड विथ द केस.’

उच्चारही इथंच पक्का करा, मुलाखतीत उपयोगी पडतो. जोर ‘नेक’वर, आणि शेवट ‘टेड’ असा ताणून न म्हणता हलका ‘टिड’. लिहिताना मधले दोन एन विसरू नका. ‘डिसकनेक्टेड’मध्येही एन दोनच, पण एस एक.

टप्पा ६: जोर वाढवायचा असेल तर

‘व्हेरी अनकनेक्टेड’ म्हणत नाहीत. संबंध नाही म्हणजे नाही, त्यात फार नाही आणि थोडा नाही असं होत नाही. ‘कम्प्लीटली’, ‘एन्टायरली’, ‘टोटली’ चालतात. खात्री नसेल तर ‘अ‍ॅपरन्टली अनकनेक्टेड’, म्हणजे वरवर तरी संबंध दिसत नाही. पोलिसांच्या आणि वकिलांच्या कागदांत हा ‘अ‍ॅपरन्टली’ फार कामाचा, नंतर संबंध निघालाच तर तुमचं वाक्य खोटं पडत नाही.

‘डिसकनेक्टेड’ मात्र मनाबद्दल असेल तर ‘व्हेरी’ घेतो, ‘मोअर’ही घेतो.

एक खोड्याळ वापर माहीत असू द्या: ‘नॉट अनकनेक्टेड’. ‘हिज ट्रान्सफर वॉज नॉट अनकनेक्टेड विथ द कम्प्लेंट.’ घाईत वाचणारे यातला ‘अनकनेक्टेड’ तेवढा बघतात आणि ‘बदलीचा तक्रारीशी संबंध नव्हता’ असं उलटं भाषांतर करतात. खरं तर हे आपलंच ओळखीचं वाक्य आहे: ‘बदलीचा तक्रारीशी संबंध नाही असं नाही.’ म्हणजे आहे, पण मी तोंडानं म्हणणार नाही. वाचताना ओळखा. स्वतःच्या अर्जात वापरू नका, कारण अर्ज वाचणाऱ्याला कोडी सोडवायला वेळ नसतो.

टप्पा ७: उलटं भाषांतर

इंग्रजी वाक्य झालं की मराठी कागद झाका आणि इंग्रजीवरून मराठी करून बघा. शब्दाला शब्द लावून करा, ओढूनताणून गोड करू नका. ‘अन’ दिसला की ‘कधीच नव्हता’, ‘डिस’ दिसला की ‘तुटला’, असंच वाचा. मग मूळ कागद उघडा. शक्य असेल तर दुसऱ्याच्या हातून हे करून घ्या, कारण आपण आपल्या वाक्यात जे नाही तेही वाचतो.

निलंग्याचा एक मुलगा बियाणे कंपनीत अर्ज करत होता. शेतीची पदवी, पण आधीची दोन वर्षं मेडिकलवर. त्यानं लिहिलं होतं: ‘माय प्रीव्हियस जॉब इज डिसकनेक्टेड विथ धिस पोस्ट.’ उलटं करायला सांगितलं तर त्यानंच वाचलं, “माझी आधीची नोकरी या पदापासून तुटली.” मग म्हणाला, “असं कुठं झालंय?” टप्पा २ लावला: दोन्ही नोकऱ्यांचा कधी संबंध नव्हता, म्हणजे ‘डिस’ गेला. टप्पा ३: संबंध क्षेत्राचा, म्हणून ‘अनरिलेटेड’. टप्पा ४: ‘टू’. आणि नोकरी संपलेली, म्हणून ‘इज’चं ‘वॉज’. ‘माय प्रीव्हियस जॉब वॉज अनरिलेटेड टू धिस पोस्ट.’ त्याचा मित्र शेजारून ‘इररेलेव्हंट’ सुचवत होता. तो शब्द लिहिला असता तर आपल्याच दोन वर्षांच्या अनुभवाला आपणच कुचकामी म्हटल्यासारखं झालं असतं. शेवटी मी त्याला सांगितलं की हे वाक्य बरोबर आहे, पण अर्जात कशाला हवं? दुकानात गिऱ्हाईक कसं सांभाळलं ते लिही. त्यानं वाक्य खोडलं. इंग्रजी बरोबर झालं म्हणजे ते वाक्य ठेवलंच पाहिजे असं नाही.

काकांचा दुसरा अर्ज असा गेला: कोटेशन भरल्याची तारीख, पावतीचा नंबर, आणि खाली, ‘द पंप हॅज नॉट येट बीन कनेक्टेड.’ त्यात ना ‘अन’ आहे, ना ‘डिस’. पाठवण्याआधी मी तो त्यांना मराठीत वाचून दाखवला. “हां,” म्हणाले, “आता माझंच हाय हे.”